संकर, संसृष्टी आणि सेलूची रोजची गाडी

‘हायब्रीड’ हा शब्द मराठीत आला तो मोटारीतून नव्हे, शेतातून. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे संकरित वाण आले, १९७० साली एच-४ हा कापसाचा संकर आला, आणि विदर्भाच्या काळ्या मातीत हा परका शब्द असा रुजला की त्याला प्रतिशब्द शोधावा असे कोणा शेतकऱ्याला वाटले नाही. पुढे तो टोमण्यासारखाही वापरला जाऊ लागला. चव नसलेली भाकर हायब्रीड, चार पावलांत दमणारे पोर हायब्रीड, सगळी नवी पिढीच हायब्रीड. या टोमण्यामागे अर्जुनाला पडलेली वर्णसंकराची जुनी चिंताही थोडीफार असावी. जे एकाच जातकुळीचे नाही त्याच्याकडे आपण संशयाने पाहतो.

आता तोच शब्द चारचाकीच्या पाठीवर चकचकीत अक्षरांत मिरवू लागला आहे. २०२१ साली फोर्डने अमेरिकेत ‘मॅव्हरिक’ ही लहान पिकअप आणली. चार दारे, पाच आसने, मागे साडेचार फुटांचा उघडा हौदा, सुमारे ६८० किलो भार वाहण्याची क्षमता. आणि सर्वांत स्वस्त नमुन्यातच पेट्रोल व वीज यांच्या जोडीवर चालणारे यंत्र. घरातली माणसे आणि घरचा माल एकाच गाडीतून रोज नेता येतो, याचे तिकडे मोठे कौतुक झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात या कंपनीने भारतातले मोटार-उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. तेव्हा ती गाडी आपल्याकडे येण्याचा प्रश्न उरला नाही. प्रश्न उरतो तो असा की, ज्या सोयीचे तिकडे कौतुक झाले, तिची गरज नागपूर-वर्धा रस्त्यावरच्या सेलूसारख्या तालुक्याच्या गावाला अधिक आहे की नाही? आमच्या मते निश्चित आहे.

साहित्याच्या अभ्यासकांना या विषयाकडे पाहण्याची एक सोय उपलब्ध आहे. आपल्या अलंकारशास्त्राने मिश्रणाला नाक मुरडले नाही, त्याचे प्रकार पाडले. एकाच पद्यात दोन अलंकार तीळ-तांदळासारखे एकत्र आले आणि तरीही निरनिराळे ओळखू आले, तर ती संसृष्टी. दूध-पाण्यासारखे एकजीव झाले, तर तो संकर. हा भेद मोटारीला तंतोतंत लागू पडतो. पेट्रोल आणि सीएनजी या दोन इंधनांवर चालणारी गाडी ही संसृष्टी होय. एका वेळी एकच इंधन जळते, कोणते ते आपल्याला ठाऊक असते. हायब्रीड गाडीत मात्र इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही एकाच चाकाला बळ देतात, आणि या क्षणी कोणाचा वाटा किती हे चालकाला जाणवतही नाही. तो खरा संकर.

हा संकर सेलूच्या रोजच्या रहाटीला कसा मानवेल? अशा गाडीचे वैशिष्ट्य असे की ती थांबत-थबकत चालण्यात जास्त काटकसरी असते. ब्रेक दाबला की एरवी वाया जाणारी गती वीज होऊन बॅटरीत जाते, आणि पुढची संथ चाल त्याच विजेवर होते. म्हणूनच त्या मॅव्हरिकच्या पहिल्या नमुन्याचा अधिकृत आकडा शहरात लिटरला सुमारे १८ किलोमीटर, तर महामार्गावर सुमारे १४ असा उलटा होता. बाजाराच्या दिवशीची गर्दी, हिंगणीकडचा रस्ता, पांदणीतली बैलाच्या चालीने होणारी वाट, हे सगळे तिच्या पथ्यावर पडणारे आहे. नागपूरची सरळ वाट तितकी नाही. शिवाय तिला रात्री विजेला जोडून ठेवावे लागत नाही. भारनियमन सोसलेल्या गावाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. विदर्भातला मे महिना बॅटरीला जाचक आहे, आणि बॅटरी बदलण्याची वेळ आली तर खर्च मोठा, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

पण सेलूची आजची रोजची गाडी कोणती? २००५ साली टाटांची ‘एस’ आली आणि लोकांनी तिचे नाव ‘छोटा हत्ती’ ठेवले. पाऊण टन ओझे, दोन सिलिंडरांचे छोटेसे इंजिन, आणि हत्ती म्हटला की हौदा आलाच. त्या आणि तिच्यासारख्या गाड्यांच्या हौद्यातून सकाळी खत जाते, संध्याकाळी कापूस येतो. कापूस वजनाला हलका आणि जागेला भारी. गाठोडी रचली की त्यांवर वेचणीच्या बाया बसतात. माणूस आणि माल, तीळ आणि तांदूळ. ही सेलूची संसृष्टी.

ती नवीन मुळीच नाही. बंडीत धान्याच्या पोत्यांवर बसूनच आपले आजोबा बाजाराला गेले. याच तालुक्यातल्या सिंदी (रेल्वे) येथे तान्ह्या पोळ्याला मुले चाके लावलेले लाकडी बैल ओढत नेतात. बैल आणि गाडी तिथे एकाच देहात नांदतात. आणि शेजारच्या सेवाग्रामच्या इतिहासात तर अस्सल संकरित वाहनच आहे. गांधीजींच्या तिथल्या वास्तव्याच्या काळात, जमनालाल बजाजांच्या फोर्ड मोटारीला बैल जुंपले जात, आणि त्या वाहनाला विनोदाने ‘ऑक्स-फोर्ड’ म्हणत. रस्ता जसा आहे तसा मान्य करून केलेली ती सोय होती. फोर्डच्या संकरित गाडीचा पहिला प्रयोग वर्ध्याला झाला असे कोणी गमतीने म्हटले, तर आम्ही हरकत घेणार नाही.

गंमत इथे संपते, कारण हौद्यातल्या संसृष्टीला कायद्याच्या लेखी स्थान नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने मालवाहू गाडीतून जाणाऱ्या मालाच्या मालकाला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला विम्याचे संरक्षण दिले. गाडीमालकाच्या नोकरांची तरतूद वेगळी आहे. पण मालवाहू गाडीत फुकट नेलेल्या उतारूची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात दिला. आता कापसाच्या गाठोड्यावर बसलेली बाई पाहा. कापूस तिचा नाही, गाडीवाला तिचा मालक नाही. गाडी उलटली तर ती कायद्याच्या कोणत्याच शब्दात बसत नाही. मालाला पावती असते, तिला तीही नसते.

कोणी म्हणेल, मग तिने एसटीने जावे. २०२३पासून एसटीत स्त्रियांना निम्मे भाडे आहे, हे स्वागतार्हच. पण एसटी धुऱ्यापर्यंत जात नाही आणि वेचणीची वेळ पाळत नाही. दुसरा म्हणेल, हौद्यात बसणे धोक्याचे आहे, बंदी योग्यच आहे. धोक्याचे आहे यात वाद नाही. आम्ही त्या प्रवासाचे गोडवे गात नाही. परंतु बंदीने गरज नाहीशी होत नाही, ती फक्त अंधारात जाते. यावरचा उपाय माणसांना आसने आणि मालाला हौदा अशा दुहेरी गाडीतच आहे. ‘बोलेरो कॅम्पर’सारखी गाडी हे तत्त्व आपल्याकडे पाळते. तेच तत्त्व लहान आकारात, काटकसरी संकरित यंत्रासह, छोट्या हत्तीच्या गिऱ्हाइकाला झेपेल अशा किमतीत आले पाहिजे, आणि आसनावरच्या प्रत्येक मजुराचा विमा गाडीबरोबरच उतरला पाहिजे. आसनांमुळे हौदा आखूड होईल, एक खेप वाढेल. ती वाढलेली खेप ही माणसाची किंमत समजावी.

बैलगाडीवर मराठी साहित्याने भरभरून लिहिले. तिची जागा घेणाऱ्या या ठेंगण्या गाडीने आणि तिच्या हौद्याने आमच्या वाचनात तरी फारसे मानाचे स्थान मिळवलेले नाही. जुन्या चाकांची कुरकुर आपल्याला गोड वाटते, नव्या चाकांवर कोण बसले आहे ते आपण पाहत नाही. यंत्रातल्या संकराला आता प्रतिष्ठा मिळाली, ती योग्यच आहे. हौद्यातल्या संसृष्टीला प्रतिष्ठा नसली तरी चालेल. बसायला आसन आणि पाठीशी विमा, एवढे तिला मिळावे.