चिन्ह दुसऱ्याचे, माणसे आपली

रिपब्लिकन पक्षाचे गट किती, हा महाराष्ट्रातील प्रस्थापित वृत्तपत्रांचा पन्नास वर्षांचा लाडका विनोद. निवडणूक जवळ आली की व्यंगचित्रकार एकाच निळ्या झेंड्याखाली डझनभर अध्यक्ष उभे करायचे आणि वाचक हसायचे. मग जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या हाती दिला, ६ फेब्रुवारी २०२४ रोजी घड्याळ अजित पवारांकडे गेले. या फुटींना मात्र कोणी गटबाजी म्हटले नाही. तिथे 'सत्तासंघर्ष' झाला, 'राजकीय भूकंप' झाला, कोणी 'चाणक्य' ठरले. आमचा पक्ष फुटला की ती समाजाची खोड, त्यांचा फुटला की ती मुत्सद्देगिरी! या राज्यात शब्दांनासुद्धा जात असते.

पण एवढे म्हणून समाधान मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही. दोन फुटींत एक मोठा फरक आहे आणि तो आपल्या सोयीचा नाही. शिवसेना फुटली तेव्हा शिंदे यांच्याबरोबर ४० आमदार गेले. १९६८च्या चिन्हविषयक आदेशाखाली वाद आयोगापुढे गेला आणि आयोगाने मुख्यतः आमदार-खासदारांची डोकी मोजून निकाल दिला. म्हणजे त्या भांडणात वाटून घेण्यासारखे काही तरी होते. रिपब्लिकन पक्ष फुटतो तेव्हा वाटणी कशाची होते? पक्षाच्या नावापुढच्या कंसाची. ज्याचा विधिमंडळात एकही आमदार नाही, त्याच्या भांडणात आयोग तरी काय मोजणार?

सुरुवात अशी नव्हती. ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत पक्षाने १७ जागा लढवल्या आणि १४ जिंकल्या. त्यात अनंतराव चित्रे होते, शामराव परुळेकर होते, म्हणजे अस्पृश्य समाजाबाहेरचे कार्यकर्तेही होते. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील कुळांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिलवर नेला आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध गिरणी कामगारांच्या संपात कम्युनिस्टांबरोबर उभे राहिले. अवघ्या दोन वर्षांचा पक्ष, पण त्याचा कार्यक्रम सरकारला आणि खोतांना दोघांनाही झोंबणारा होता. १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले, कारण इंग्रज सत्ता सोडण्याच्या वाटाघाटी करत होते आणि त्या टेबलावर वर्गाला खुर्ची नव्हती, समाजाला होती. परिस्थिती बदलली म्हणून बाबासाहेबांनी पक्ष बदलला. गल्लीतले भांडण मिटेना म्हणून नव्हे.

१९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत घटनेचे शिल्पकारच मुंबईत काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून पराभूत झाले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही तेच घडले. सवर्ण मतदार ज्याला पसंत करील तोच राखीव जागेवर निवडून येणार, ही पुणे कराराची खरी किंमत पहिल्याच झटक्यात कळली. यातून बाबासाहेबांनी दोन धडे घेतले असे आम्हांला वाटते. एक, पक्ष फक्त अस्पृश्यांचा राहून चालणार नाही. दुसरा, कार्यकर्ता घडवल्याशिवाय पक्ष चालणार नाही. पहिल्या धड्यातून रिपब्लिकन पक्षाची कल्पना आली. दुसऱ्यातून जुलै १९५६ मध्ये मुंबईत राजकारणाचे प्रशिक्षण देणारे विद्यालय सुरू झाले, त्याची जबाबदारी शां. शं. रेगे यांच्याकडे होती. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर ते टिकले नाही. जयंतीला आपण बाबासाहेबांच्या पुतळ्याला किती फुटांचा हार घालायचा याची चर्चा करतो, पण त्यांनी अखेरच्या वर्षात काढलेली राजकारणाची शाळा बंद का पडली आणि ती पुन्हा कोणी का उघडली नाही, ही चर्चा कुठल्या मंडपात ऐकू येते?

१९५७ ची निवडणूक फेडरेशनने संयुक्त महाराष्ट्र समितीत राहून लढवली. नाशिकमधून दादासाहेब गायकवाड आणि कोपरगावमधून बी. सी. कांबळे लोकसभेत गेले. ही युती होती, पण मुद्द्यावर होती आणि आपले नाव राखून होती. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष जाहीर झाला, एन. शिवराज अध्यक्ष झाले. मग दोन-तीन वर्षेही धड गेली नाहीत, तोच 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' अशी नावे पक्षाला चिकटली. एका बाजूला शिकलेले वकील, दुसऱ्या बाजूला धोतर-कोट घालणारे दादासाहेब. खेड्यातल्या भूमिहीनाचा प्रश्न आधी की घटनात्मक हक्कांचा, असा तो वाद सांगितला जातो. प्रत्यक्षात दोन्ही प्रश्न एकाच माणसाचे होते. दादासाहेबांनी १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह केला तेव्हा लाखो माणसांनी तुरुंग भरले. पडीक आणि सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, एवढीच मागणी. या राज्यात आंबेडकरी पक्षाने तेवढ्या ताकदीने जमिनीचा प्रश्न त्यानंतर पुन्हा उचललेला नाही.

त्या काळात काँग्रेस काय करत होती तेही पाहिले पाहिजे, कारण आपले राजकारण पोकळीत होत नाही. १ मे १९६० ला राज्य झाले, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, सहकारी साखर कारखाने उभे राहत होते. यशवंतराव चव्हाणांच्या 'बेरजेच्या राजकारणा'चा हा पाया. कारखान्याचा सभासद व्हायला ऊस लागतो, उसाला जमीन लागते. ज्याच्याकडे जमीन नाही तो सभासद नाही, सभासद नाही तो संचालक नाही, आणि संचालक नाही त्याला आमदारकीचे तिकीट नाही. महाराष्ट्रातील सत्तेची ही शिडी पहिल्याच पायरीला भूमिहीन समाजाला खाली ठेवणारी होती. शिडीवर चढता येत नाही म्हटल्यावर शिडीवाल्याशी समझोता करण्याचा मोह होणारच. १९६७ मध्ये गायकवाड गटाने काँग्रेसशी समझोता केला. त्याबद्दल दादासाहेबांना आजही दूषणे देणारे आहेत. आम्ही त्यांच्यात नाही. गावात बहिष्कार पडला, विहिरीवर मारहाण झाली, तर फौजदाराला फोन करील असा माणूस सत्तेत हवा, ही त्यांची निकड खोटी नव्हती. पण समझोत्यात काँग्रेसने दिलेल्या जागा काँग्रेसच्या मर्जीच्या राहिल्या आणि पुढच्या पिढीने निकडीचे रूपांतर सवयीत केले, हेही तितकेच खरे.

या सवयीविरुद्ध १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली. जानेवारी १९७४ च्या मुंबईतील लोकसभा पोटनिवडणुकीवर पँथरने बहिष्कार पुकारला, वरळीत दंगल झाली, भागवत जाधव शहीद झाले आणि काँग्रेसचे रामराव अदिक पडून कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. मते दिली नाहीत तरी हादरा बसतो, हे तेव्हा दिसले. पुढे पँथरही फुटली, ती कथा सर्वांना पाठ आहे.

मग येते १९९८. सर्व गट एकत्र आले, काँग्रेसशी बोलणी झाली आणि लोकसभेत चार खासदार गेले: अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले. चारही मतदारसंघ तेव्हा खुले होते. पुणे कराराच्या सापळ्याबाहेर, सर्वसाधारण मतदाराने आंबेडकरी पक्षाला निवडून दिले, असे महाराष्ट्रात एवढ्या संख्येने कधी झाले नव्हते. समाजात दिवाळी नव्हती, त्याहून मोठा सण होता. पण पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९९ मध्ये एका मताने वाजपेयी सरकार पडले, जूनमध्ये काँग्रेस फुटून राष्ट्रवादी झाली आणि आमचे ऐक्य दोन काँग्रेसच्या मध्ये दुभंगले. भांडण त्यांचे, फूट आमची! ज्या ऐक्याचा आधार दुसऱ्याची युती असतो ते दुसऱ्याच्या फुटीबरोबर फुटते. एकी झाली होती ती नेत्यांची. गावोगावच्या शाखा, सभासद नोंदणी, खालून वर निवडून आलेली कार्यकारिणी यांची एकी झालीच नव्हती, कारण त्या गोष्टीच नव्हत्या.

पुढे २०११ मध्ये आठवले यांनी शिवशक्ती-भीमशक्तीचा नारा देत शिवसेना-भाजपची वाट धरली आणि २०१६ मध्ये ते केंद्रात राज्यमंत्री झाले. मंत्रिपद समाजाला नको असे आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. २०१९ च्या विधानसभेत त्यांच्या पक्षाच्या वाट्याला आलेल्या जागांवरील उमेदवार कमळाच्या चिन्हावर उभे होते. घटनेच्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे ज्या पक्षाने उभे केले त्या पक्षाचा तो सदस्य मानला जातो. असा उमेदवार निवडून आला तरी व्हिप भाजपचा, आणि मोडला तर आमदारकी जाणार. ॲट्रॉसिटीच्या प्रश्नावर, आरक्षणाच्या उपवर्गीकरणावर सभागृहात मत द्यायची वेळ आली, तर तो निळ्या झेंड्याचे ऐकेल की कमळाच्या व्हिपचे? याच पक्षाचे दोन आमदार २०२३ मध्ये पक्षाच्या नावावर निवडून आले ते कुठे? नागालँडमध्ये!

दुसरी वाट वंचित बहुजन आघाडीची. २०१९ च्या लोकसभेत स्वतःच्या बळावर राज्यातील सुमारे सात टक्के मते मिळाली. औरंगाबादची जागा मित्रपक्ष एमआयएमने जिंकली. मात्र त्याच वर्षी विधानसभेत आघाडी मोडली आणि एकही आमदार आला नाही. २०२४ च्या लोकसभेत मते तीन टक्क्यांच्या खाली गेली. का गेली? संविधान वाचवायचे म्हणून समाजाने डोळे मिटून महाविकास आघाडीला मत दिले. अमरावती, रामटेक, लातूर, सोलापूर आणि शिर्डी, राज्यातील पाचही राखीव जागा त्या आघाडीने जिंकल्या. या पाचांत आंबेडकरी पक्षाचा खासदार एकही नाही. आपल्या मतांनी संविधानाची लढाई लढली गेली आणि सेनापती सगळे दुसऱ्याच्या छावणीतले. समाज चुकला का? मुळीच नाही. समोर होते त्यातून त्याने निवडले. समोर आपले काही नव्हते, हा हिशेब पक्षांनी द्यायचा आहे.

काय करता येते याचे एक उदाहरण विदर्भातच आहे. भारिप बहुजन महासंघाने अकोला जिल्ह्यात बौद्धांबरोबर माळी, धनगर, बंजारा, मुस्लिम अशा समाजांतले उमेदवार उभे करून जिल्हा परिषद हाती घेतली, आणि जानेवारी २०२० च्या निवडणुकीतही वंचितने तिथली सत्ता राखली. लोकसभेत अकोला २००४ पासून भाजपकडे आहे, तरीही जिल्हा परिषद वर्षानुवर्षे हातात राहिली, कारण तिथे गावातला माणूस पक्षाला ओळखत होता. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात बौद्ध ५.८१ टक्के आहेत, सर्व अनुसूचित जाती ११.८१ टक्के. या संख्येवर एकट्याने विधानसभा जिंकता येत नाही. पण गट आणि गण, प्रभाग आणि वॉर्ड यांची गणिते वेगळी असतात.

म्हणून येत्या काळात ऐक्याची घोषणा देणारा कोणीही नेता तुमच्या वस्तीत आला, तर त्याला हार घालण्याआधी विचारा: तुमच्या पक्षाचे या तालुक्यात वर्गणी भरलेले सभासद किती? तुमची जिल्हा कार्यकारिणी शेवटची कधी निवडून आली, की मुंबईहून नेमली गेली? आणि २०२९ च्या विधानसभेला तुमचा उमेदवार कोणत्या चिन्हावर उभा राहणार आहे?