तुलाधाराची पेढी

दीपावलीत लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, शेगाव येथील पेठांतून वहीपूजन होते. नव्या वहीवर कुंकवाने 'शुभ' आणि 'लाभ' लिहितात. शुभ अगोदर, लाभ नंतर; हा क्रम व्यापारधर्माचे सूत्रच होय.

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नामक तपस्व्याची कथा आहे. त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे केले, तरी तो निश्चल राहिला. त्या तपाचा त्यास गर्व झाला. परंतु धर्माचे मर्म त्यास शिकावे लागले ते वाराणसीच्या तुलाधार नामक वाण्याकडून. कोणाशी द्रोह नाही, विक्रीत कपट नाही आणि तुला सर्वांस समान, हेच तुलाधाराचे तप.

आपल्या कापसाच्या मुलखातील लहान कापडदुकानदाराने किती स्थित्यंतरे पाहिली! 1957 साली नवे पैसे आले, पुढे वार जाऊन मीटर आला. नऊवारी लुगडी मागे पडून पातळे आली, सुतावर टेरिलीनने मात केली. 1982 साली मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला. शिंप्याकडे जाणारे कापड तयार कपड्यांपुढे हटले. 2016 ची नोटाबंदी, 2017 चा वस्तू व सेवा कर, 2020 ची टाळेबंदी हे आघात लागोपाठ आले. आता तर भ्रमणध्वनीवरून साडी थेट उंबरठ्यावर येते.

ही दुकाने टिकली ती विश्वासावर. कापूस विकला जाईपर्यंत शेतकऱ्याच्या घरी पैसा नसे, तरी लेकीच्या लग्नाचा बस्ता अडत नसे. ओळख हेच तारण होते. तथापि या चित्राला काळी बाजूही होती, हे सत्य झाकू नये. शहाण्यास एक भाव आणि भोळ्या खेडुतास दुसरा, ही रीत अनेक ठिकाणी चाले. उधारीत गुंतलेल्यास दुसऱ्या दुकानाची पायरी चढण्याची सोय नसे. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली. प्रपंची दुकानदारास ते वैराग्य साधणार नाही. पण सर्वांस एकच भाव, तोही लिहून लावलेला, एवढे त्यास खचित साधेल. घरपोच विक्रीत भाव डोळ्यांसमोर असतो. तो गुण पेठेनेही घ्यावा.

ग्राहकाचाही धर्म आहे. दुकानात वीस साड्या उलगडून पाहाव्यात, पोत हाताने पारखावा आणि मग त्याच नमुन्याची साडी दुसरीकडून मागवावी, हा दुकानदाराच्या श्रमांशी द्रोहच नव्हे काय? घरबसल्या खरेदी करणे पाप नाही. परंतु ज्याच्या श्रमांचा लाभ घेतला, त्यास रिक्तहस्त ठेवणे अनुचित आहे.

म्हणून गृहस्थाश्रमी वाचकांस विनंती अशी की, देवाचे वस्त्र आणि भाऊबीजेची साडी तरी यंदा आपल्या पेठेतील सचोटीच्या दुकानातून घ्यावी. कीव म्हणून नव्हे, तर अडल्या वेळी विश्वास ठेवणारे माणूस गावात राहावे म्हणून. आणि दुकानदाराने वहीवर 'शुभ' लिहिताना तुलाधाराचे स्मरण करावे. श्रीलक्ष्मी उभयतांच्या घरी स्थिर राहो!