धनुकली वाजली की

या आठवड्यात भंडाऱ्यात धुकं विरायच्या आत गल्लीत धनुकली टणटणली आणि मी चहा तसाच ठेवून बाहेर धावले. दरवर्षी थंडीत येणारे आमचे पिंजारीचाचा! अंगणात पोतं अंथरून त्यांनी जुनी गादी उसवली, धनुकलीच्या तातीवर मुठिया हाणला आणि दगड झालेला कापूस तासाभरात जाईसारखा फुलला. "या कापसाले पानी नाही लागलं, बाई. नवा कायले घेता?" नव्या कापसाचे पैसे सोडून दिलेला हा सल्ला, तोही अस्सल झाडीबोलीत. आपल्या जिल्ह्यात चाचांसारखे मुसलमान 2011च्या जनगणनेत शेकडा दोनच्या आसपास. भाताच्या बांध्यांनी वेढलेलं जणू एक बेटच. पण माणसं अशी शेकड्यात मोजणं मला मुळीच मान्य नाही. माझ्या आजीच्या लग्नातली गादी चाचांच्या वडिलांनी पिंजली होती. जिल्ह्याच्या इतिहासात हे लिहिलंच पाहिजे. फोमच्या गाद्या आल्या, चाचांच्या मुलाने धनुकली हाती धरली नाही. तुमच्या दारावरून ती टणटणली, तर जुनी गादी टाकू नका. चाचांना थांबवा, पाणी द्या आणि अंगण मोकळं करा.