वायपरची मोटर

परवा साताऱ्याहून एका जुन्या मित्राचा फोन आला. त्यांच्या गल्लीतल्या मंडळाने यंदा हलता देखावा करायचा नाही असं ठरवलंय. कारण काय, तर वर्गणी डॉल्बीलाच पुरत नाही. शिवाय पोरांना मोटरींचा देखावा जुनाट वाटतो. त्यापेक्षा एलईडीची भिंत लावू म्हणतात, भाड्याने मिळते.

जुनाट म्हणे! या एका शब्दाचा राग आला म्हणून हे लिहितोय.

नव्वदच्या दशकात सांगलीत आमच्या मंडळाने नरसिंह केला होता. खांब दुभंगायचा, आतून नरसिंह पुढे यायचा, पुढच्या रांगेतली बारकी पोरं किंचाळायची. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा. मोटर भंगारातली, जीपच्या वायपरची. १२ व्होल्टची, आत वर्म गियर, त्यामुळे वेग कमी आणि जोर भरपूर. तिला उलटी फिरवायची तर तिची दोन टोकं अदलाबदल करायला हवीत, म्हणजे रिले आले. मूर्ती रुळाच्या टोकाला थांबली पाहिजे, म्हणजे लिमिट स्विच आला. मध्ये दहा सेकंद गर्जना करायची, तर ५५५ चा टायमर. (ही आयसी हान्स कॅमेंझिंड या स्विस माणसाने १९७१ साली आखली, हे मला फार नंतर कळलं.)

पहिल्याच रात्री एसएल १०० ट्रान्झिस्टर तीनदा जळला. कॉइलचा प्रवाह तोडला की उलटा दाब उसळतो, हे मी कॉलेजात शिकलो होतो. त्याचे मार्कही मिळाले होते. पण म्हणून रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड टाकायचा, हे मांडवात कळलं, जळका वास येत असताना, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका दहावी नापास काकांकडून. आणि तिसऱ्या दिवशी लिमिट स्विचची पट्टी वाकली, नरसिंह थांबलाच नाही, थेट प्रल्हादाच्या अंगावर जाऊन पडला. पब्लिक खूष! मग आम्ही पुढे आणखी एक स्विच बसवला, मोटरचा पुरवठाच तोडणारा. एक खटका चुकेल हे धरूनच दुसरा बसवायचा असतो, हे तेव्हा डोक्यात बसलं.

आमचं सगळं थोर होतं असं मुळीच नाही. भाद्रपदातल्या पावसात, ओल्या ताडपत्रीखाली २३० व्होल्टचे सांधे आम्ही नुसत्या टेपने गुंडाळले होते. कुणी दगावलं नाही हे निव्वळ नशीब. तसं आज कुणी करू नये. ५५५ लाही चिकटून बसू नका, खुशाल आर्डुइनो घ्या. पण त्याच्या पिनेतून मिळतात मिलीअँपिअर आणि वायपरची मोटर खाते कित्येक अँपिअर. ड्रायव्हर, डायोड, लिमिट स्विच, फ्यूज यातलं काहीच सुटत नाही. मग जुनाट नेमकं काय झालं?

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली ज्या माळावर कारखाना उभा केला, ती किर्लोस्करवाडी याच सांगली जिल्ह्यात आहे. शेजारी कराडला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. आणि मंडळं सांगतात, मोटर बसवणारं कुणी मिळत नाही! मिळणार कसं? ती पोरं जिथे तयार व्हायची ती जागाच तुम्ही स्पीकरवाल्याला दिलीत. २०२५ मध्ये सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सव म्हटलं. त्यात दाखवायचं काय, भाड्याचा पडदा?

"लोक थांबत नाहीत रे आता," मित्र म्हणाला. लोक म्हणजे कोण? मोठी माणसं तेव्हाही थांबत नव्हती, नमस्कार करून पुढे जायची. थांबायचं एखादंच पोर. ते दोन खेळ समोरून बघायचं आणि तिसऱ्याला पडद्याच्या मागे येऊन उभं राहायचं. भिंतीच्या मागे जाऊन ते काय बघणार?

माळ्यावर अजून दोन मोटरी आहेत. एक चालते, दुसरीचे कार्बन ब्रश गेलेत. दोन्ही पाठवतो म्हणालो, मुद्दाम. बिघडलेली कुणीतरी उघडेल तरी. विचारून सांगतो म्हणाला. अजून फोन नाही.