शहापूरचे गुडघे

मुंबई शहर १८९२ सालापासून तानसेचे पाणी पीत आहे. तो तलाव शहापूर तालुक्यात आहे आणि भातसा धरणही त्याच तालुक्यात आहे. असे असूनही उन्हाळा लागला, की शहापूर आणि शेजारचे मुरबाड या तालुक्यांतील कित्येक पाड्यांवरच्या बायांना डोक्यावर चुंबळ ठेवून दूरवरून हंडे वाहावे लागतात. पावसाळ्यात चिखलात वाकून भाताची लावणी, हिवाळ्यात लाकडाची मोळी आणि उन्हाळ्यात पाण्याचा हंडा असा हा बारमाही भार अखेर गुडघ्यांवर येऊन पडतो. जड ओझी वाहणे आणि सतत उकिडवे बसणे यांचा गुडघ्यांच्या झिजेशी निकटचा संबंध आहे, हे वैद्यकशास्त्राने दाखवून दिलेलेच आहे.

‘गादी झिजली’ असे आपण म्हणतो, ती गादी म्हणजे कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात; म्हणून मोडलेले हाड सांधते, परंतु गेलेली कूर्चा आपण होऊन भरून येत नाही. विल्यम हंटर या शल्यवैद्याने ही गोष्ट १७४३ सालीच नोंदवून ठेविली होती. त्यानंतर अडीचशे वर्षांनी, १९९४ मध्ये, स्वीडनमधील वैद्यांनी रुग्णाच्याच कूर्चेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्या गुडघ्यातील खड्ड्यात बसविल्याचे जाहीर केले. पुढे अस्थिमज्जेतील मूलपेशींकडे, म्हणजे स्टेम सेलकडे, शास्त्रज्ञ वळले. योग्य सांगाड्यावर व योग्य रसायनांच्या सान्निध्यात या पेशी कूर्चा निर्माण करू शकतात. मात्र अशा कूर्चेचा कल पुढे हाडाकडे झुकतो, ही अडचण अद्याप पुरती सुटलेली नाही.

आपला देशही यात मागे नाही. दात्यांच्या अस्थिमज्जेतील मूलपेशींपासून बंगळुरूच्या एका संस्थेने तयार केलेल्या औषधास औषध नियंत्रकांनी २०२२ मध्ये गुडघ्यांच्या संधिवातासाठी मान्यता दिली. ही घटना अभिनंदनीय आहे. परंतु हे औषध मध्यम अवस्थेतील झिजेसाठी आहे. पार वाकून गेलेल्या गुडघ्यासाठी नाही, हे विसरून चालणार नाही. नेमकी येथेच आमची चिंता सुरू होते. पाड्यावरची बाई गुडघा दुखू लागला म्हणून मजुरी बुडवीत नाही. ती तेल चोळते, फडके बांधते आणि पुन्हा शेतात उतरते. ती डॉक्टरकडे पोचते, तेव्हा नव्या उपायाची वेळ बहुधा निघून गेलेली असते. विज्ञान कितीही पुढे गेले, तरी उशिरा आलेल्या रुग्णाला ते मागे नेऊ शकत नाही.

म्हणून आमच्या मते सरकारने तीन गोष्टी तातडीने कराव्यात. पहिली अशी, की शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय व मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय येथून अस्थिरोगतज्ज्ञांनी ठराविक दिवशी पाड्यांवर जाऊन गुडघ्यांची तपासणी करावी. लवकर निदान झाले, तर व्यायाम व साध्या औषधांनीही पुष्कळ काम भागते. दुसरी अशी, की नवे उपचार पुरेशा कसोटीला उतरले म्हणजे ते सार्वजनिक आरोग्य योजनांतून गरिबांनाही कसे मिळतील, याचा विचार आजच सुरू व्हावा. तिसरी गोष्ट बाजाराविषयी आहे. मान्यता मिळालेली उत्पादने व रक्तविकारांवरील प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा वापर केवळ शास्त्रशुद्ध चाचणीतच व्हावा, असा २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा आशय आहे. तरीही ‘स्टेम सेलने नवा गुडघा’ अशा जाहिराती करून जमीन गहाण टाकावयास लावणारे कोणी निघाल्यास त्यांच्यावर कठोर कारवाई झाली पाहिजे. चाचणीच्या नावाखाली रुग्णाकडून पैसे उकळणे म्हणजे निव्वळ व्यापार होय.

आणि या सर्वांच्या आधीचा उपाय प्रयोगशाळेत नाही, तर घरातील नळात आहे. जो हंडा डोक्यावर चढतच नाही, तो गुडघाही झिजवीत नाही. ज्या मुंबईची तहान शहापूरने सव्वाशे वर्षांहून अधिक काळ भागविली, त्या मुंबईतील रुग्णालयांचे ज्ञान शहापूर-मुरबाडच्या पाड्यांपर्यंत पोचविणे हे उपकार नव्हेत. ती ऋणाची परतफेड आहे. हे ऋण फेडण्यास आणखी एक पिढी थांबावयाचे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.