घरोघरीचे प्रश्न : समुद्रकाठच्या सुटीचा बेत

हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर येथील एका वाचक भगिनीचे पत्र या महिन्यात आमच्याकडे आले. त्यातील प्रश्न वरवर साधा आहे. परंतु तो हल्ली पुष्कळ घरांतून निघत असल्यामुळे खासगी पत्राने उत्तर न धाडता या सदरातच त्याचा विचार करणे आम्हांस इष्ट वाटते.

भगिनींच्या घरी लहानथोर तेरा माणसे आहेत : आजेसासूबाई, मामंजी, सासूबाई, तिघे भाऊ व त्यांच्या पत्नी, आणि सहा ते अकरा वर्षांची चार मुले. धाकटे दीर कामानिमित्त फ्रान्सला जाऊन आले. भूमध्य समुद्रकाठच्या नीस शहराची त्यांनी काढलेली छायाचित्रे मुलांनी पाहिली आणि येत्या सुटीत सर्वांनी तिकडेच जावयाचे असा हट्ट धरला. मामंजींनी तडजोड सुचविली की, तिकडे न जमल्यास आपल्या कोकणात जाऊ, समुद्र तोच. भगिनी विचारतात की, नीसचा बेत आपल्यासारख्यांना शक्य आहे काय, आणि नसल्यास कोकणात कोठे, केव्हा व कसे जावे? पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावे तशी, एक ओळ आहे. आजेसासूबाई अंथरुणास खिळलेल्या असल्यामुळे आपण घरीच राहणार. लग्नास बावीस वर्षे झाली, समुद्र अद्याप पाहिलेला नाही, पण बाकीच्यांचे नीट व्हावे एवढीच इच्छा आहे, असे त्या लिहितात.

प्रथम नीसचा विचार करू. हा किनारा मराठी माणसाच्या कानावरून गेलेला आहे. आगबोटींच्या काळी विलायतेस जाणारे आपले लोक सुवेझचा कालवा ओलांडून भूमध्य समुद्रात शिरत आणि पुष्कळदा मार्सेयला उतरून पुढे आगगाडीने जात. त्याच मार्सेयच्या बंदरात ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी बोटीतून उडी घेतली. नीस हे तेथून पूर्वेस, त्याच किनाऱ्यावर आहे. आज उन्हाळ्यात गजबजणारे हे शहर आरंभी हिवाळ्यातील हवापालटाचे ठिकाण होते. मायदेशाची थंडी टाळण्यासाठी इंग्रज तेथे येत. १८२० नंतरच्या दशकात त्यांनीच पैसे जमवून समुद्रालगत फिरण्याचा रस्ता बांधविला व तो अजूनही इंग्रजांच्या नावाने ओळखला जातो. व्हिक्टोरिया राणीनेही १८९५ पासून १८९९ पर्यंत तेथे मुक्काम केले. भर उन्हाळ्यात समुद्रस्नानास जाण्याची चाल पहिल्या महायुद्धानंतरची आहे. कारखान्यातील कामकऱ्याला तर समुद्रकाठची सुटी मिळाली ती १९३६ साली. त्या वर्षी फ्रान्समध्ये कायदा होऊन प्रत्येक नोकरदारास वर्षातून दोन आठवडे पगारी रजेचा हक्क मिळाला, आणि जन्मात समुद्र न पाहिलेली कुटुंबे किनाऱ्याकडे लोटली. सुटी ही श्रीमंतांची चैन नसून राबणाऱ्याचा हक्क आहे, ही गोष्ट त्या कायद्याने मान्य केली. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

नीसला जाणे अशक्य नाही. परंतु तेरा माणसांच्या घरास ते यंदाच्या यंदा जमणारे नाही. प्रत्येकास पासपोर्ट हवा, मुलांसही. त्यानंतर शेंगेन देशांचा व्हिसा. त्याचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढास ९० युरो व सहा ते बारा वर्षांच्या आतील मुलास ४५ युरो आहे. आजेसासूबाई वगळून आठ प्रौढ व चार मुले धरली, तर विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच ९०० युरो नुसत्या शुल्कात जातात. शिवाय किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा प्रत्येकाच्या नावे लागतो, आणि अर्ज प्रवासापूर्वी निदान पंधरा दिवस, जास्तीत जास्त सहा महिने आधी करावा लागतो. मुलांना 'नाही' असे तोडून न सांगता हा हिशेब त्यांच्याकडूनच कागदावर मांडून घ्यावा. सर्वांचे पासपोर्ट यंदा काढून ठेवावेत आणि दरमहा थोडी रक्कम बाजूस टाकावी. चार-पाच वर्षांनी हा बेत पुन्हा हाती घेता येईल.

आता कोकण. मामंजी म्हणतात, समुद्र तोच. आमचा येथे थोडा मतभेद आहे, आणि तो केवळ शब्दाचा नाही. भूमध्य समुद्र जवळजवळ चहूकडून जमिनीने वेढलेला आहे. अटलांटिक महासागराशी त्याचा संबंध जिब्राल्टरपाशी सुमारे १४ किलोमीटर रुंदीच्या वाटेने येतो. त्यामुळे नीसला भरती-ओहोटीचा फरक हातभरही नसतो. सकाळी पाण्याची कड जेथे असते तेथेच ती संध्याकाळी असते. अरबी समुद्र मोकळा आहे. मुंबईकडे उधाणाच्या दिवशी भरती व ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरांहूनही अधिक अंतर पडते. छायाचित्रात पाहिलेली वागणूक आपल्या किनाऱ्यावर चालत नाही, ती यामुळे.

सिद्धेश्वरच्या माणसांस ही सूचना विशेष आवश्यक आहे. येलदरीच्या खाली, पूर्णा नदीवर, १९६८ साली पुऱ्या झालेल्या धरणाचा जलाशय यांच्या दाराशी आहे. तेथील पाणी चढते ते पावसाळ्यात व उतरते ते महिनोन्‌महिने. दुपारी होती ती कड संध्याकाळी हलत नाही. अशा पाण्यात पोहावयास शिकलेल्या मुलास समुद्राची भीती वाटत नाही, आणि धोका नेमका येथेच आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. ही आठवण घरातील तरुणांना अवश्य सांगावी. ओहोटी लागली असता पाणी माणसास आत ओढते. तेव्हा स्नान करू नये. मुलांना गुडघ्यापलीकडे पाण्यात जाऊ देऊ नये, आणि एका मोठ्या माणसाने दुसरे काही काम न करता केवळ त्यांच्यावर डोळा ठेवावा.

भरतीची वेळ काढण्यास कोकणात एक जुना ठोकताळा आहे, आणि ज्या घरात पंचांग आहे त्या घरास तो लगेच उपयोगी पडेल. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, सुमारे तितक्या वाजता पूर्ण भरती असते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणून सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीस तीन वाजता. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन असेच मोजावे. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची लहान. हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. स्थळपरत्वे अर्धापाऊण तास मागेपुढे होतो. म्हणून छापील वेळापत्रक पाहावे आणि किनाऱ्यावरील कोळ्यास विचारल्याखेरीज पाऊल टाकू नये.

स्थळ म्हणून आम्ही रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यातले हरिहरेश्वर सुचवितो. औंढ्या नागनाथाच्या छायेत राहणाऱ्या कुटुंबास तेथे देवदर्शनही घडेल, व समुद्र तर देवळाच्या पायथ्याशीच आहे. प्रथम काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव, असा तेथील दर्शनाचा क्रम आहे. देवळामागून पायऱ्या उतरून खडकांवरून जी प्रदक्षिणा घालतात, ती मात्र केवळ ओहोटीच्या वेळी घालता येते. भरतीस ती वाट पाण्याखाली जाते. त्या वाटेने जावयाचे तर पाणी उतरत असतानाच निघावे आणि भरती लागण्यापूर्वी परतावे. सासूबाईंचा प्रदक्षिणेचा आग्रह असल्यास त्यांना हे आधीच समजावून द्यावे. जवळच श्रीवर्धन आहे. ते बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे गाव आणि रोठा सुपारीसाठी प्रसिद्ध. बागमांडल्याहून तरीने सावित्रीची खाडी ओलांडली म्हणजे वेसवीस उतरून नाना फडणविसांचे वेळास गाठता येते.

काळ कोणता? मे महिन्यात शाळेस सुटी असते खरी. परंतु त्या दिवसांत कोकणात घामाने जीव हैराण होतो, आणि महिनाअखेर समुद्र खवळू लागतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत तर यांत्रिक नौकांच्या मासेमारीसही बंदी असते. आमची निवड दिवाळीच्या सुटीची आहे. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेस होते. त्यापुढील तृतीया ते पंचमी हे तीन दिवस वरील ठोकताळ्यात घालून पाहा : तृतीयेस भरती सव्वादोनला, म्हणून ओहोटी सकाळी साडेआठच्या सुमारास, चतुर्थीस सव्वानवाच्या, पंचमीस दहाच्या सुमारास. म्हणजे न्याहारीच्या वेळी प्रदक्षिणा व शिंपले वेचणे, आणि उन्हे कलल्यावर वाळूत बसणे, असा दिवसाचा क्रम आपोआप लागतो.

औंढ्यावरून परभणी गाठावी आणि रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने कल्याणास उतरावे. मामंजी व सासूबाईंसाठी खालच्या बर्थांची मागणी आरक्षण करतानाच नोंदवावी. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते. दिवाळीची गर्दी पाहता तो दिवस चुकवू नये. परभणी ते मुंबई हे अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर आहे. रात्रभर प्रवास करून वृद्धांना लगेच घाटरस्त्यावर बसवू नये. पनवेलला एक दिवस विसावा घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी माणगाव, म्हसळा या वाटेने पुढे जावे.

राहण्याचा प्रश्न आम्ही मुद्दाम शेवटी ठेविला. पत्रावरून दिसते की, स्वयंपाकघरासह बंगला भाड्याने घ्यावा, तो स्वस्त पडेल, असे घरातील पुरुषमंडळींचे मत आहे. पैशाचा हिशेब बरोबर असेल. श्रमाचा मात्र त्यात कोणी धरलेला नाही. परक्या चुलीवर बारा माणसांचा चहा, न्याहारी, दोन वेळची जेवणे व मुलांचा मधल्या वेळचा खाऊ करावयाचा, तर जावांनी सुटी घेतली असे कसे म्हणता येईल? त्यांनी चूल बदलली, इतकेच. हरिहरेश्वरास घरगुती राहण्याजेवण्याची सोय करणारी कुटुंबे आहेत. कांदा-लसणाचा विधिनिषेध व उपवासाचे दिवस आधी कळविले, तर सासूबाईंचे मनही सांभाळले जाईल. जो अधिक खर्च होईल तो एक दिवस कमी राहून भरून काढावा. पाच दिवसांच्या राबणुकीपेक्षा चार दिवसांची खरी विश्रांती आम्ही अधिक मोलाची समजतो.

आणि आता ती शेवटची ओळ. आजेसासूबाईंना एकटे टाकून जाता येणार नाही, हे उघड आहे. परंतु कोणी तरी घरी राहिले पाहिजे, या वाक्यातील 'कोणी तरी' म्हणजे थोरली सून असा अर्थ वर्षानुवर्षे न विचारता कसा लागतो? फ्रान्समधील कामकऱ्याची रजा कायद्याने ठरविली. घरात राबणारीची रजा ठरविण्यास कोणतेही सरकार येणार नाही, ती घरातील कर्त्या माणसांनीच ठरवावयाची आहे. आमची सूचना अशी की, दोन तुकड्या कराव्यात. दिवाळीत मुले, मामंजी, सासूबाई, थोरले जोडपे व मधले जोडपे यांनी जावे. धाकटे दीर व जाऊबाई यांनी आजींजवळ राहावे. दीर समुद्र पाहून आलेलेच आहेत, आणि त्यांच्याच छायाचित्रांनी हा बेत निघाला. त्या दोघांनी माघ महिन्यात अशीच तिथी पाहून जावे. आजींची औषधे, जेवणाच्या वेळा, कूस बदलण्याच्या वेळा व डॉक्टरांचा फोन हे सर्व थोरल्या सूनबाईंनी कागदावर लिहून द्यावे, आणि निघण्यापूर्वी आठ दिवस दिरांनी ती सेवा त्यांच्या देखत स्वतः करून पाहावी. पुरुषाच्या हाताला हे काम येत नाही, ही समजूत आठ दिवसांत दूर होते.

भगिनींस आमची विनंती आहे की, हा अंक मामंजींना वाचावयास द्यावा. 'मी घरी राहीन' हे शब्द आपण होऊन उच्चारू नयेत. ते उच्चारले की पुढे कोणी विचारच करीत नाही. आजेसासूबाईंनाही विचारून पाहावे. चार दिवस नातवाच्या हातची पेज घेण्यास त्या नाखूष असतील असे आम्हांस वाटत नाही.

ज्या घरी आजारी माणसाची पाळी आपसांत वाटून घेऊन सर्वांनी प्रवास केला असेल, त्यांनी आपली व्यवस्था कशी होती ते थोडक्यात लिहून कळवावे. निवडक पत्रे पुढील अंकी या सदरात देऊ.