आग्या उठला की आधी ॲड्रेनॅलिन

आमच्या राधानगरी भागात मधमाशी चावली की पहिला येतो चुना. तो नसला तर कांदा, हळद, तुळशीखालची माती, नाहीतर विळ्याचं पातं घासायचं. एका सातेरी माशीने काटा मारला असेल तर यातलं काहीही लावा, सूज यथावकाश उतरतेच, आणि श्रेय चुन्याला जातं. आरोग्य सेविका म्हणून नोकरीची सगळी वर्षं मी याच डोंगरात काढली. परड्यात सातेरीच्या पेट्याही आहेत. चुन्याशी माझं काही भांडण नाही. भांडण आहे ते चुन्यानंतर टोचल्या जाणाऱ्या सुयांशी.

अंगावर गांधी उठल्यात, ओठ सुजलेत, श्वास घरघरतोय, माणूस म्हणतोय, “सिस्टर, डोळ्यापुढं अंधार येतोय.” अशा वेळीही पहिली सुई ॲव्हिलची, दुसरी डेक्सोना या स्टेरॉइडची आणि वर सलाईन, हा रिवाज मी अनेक ठिकाणी पाहिला. ॲड्रेनॅलिनची अँप्युल ट्रेमध्ये तशीच पडलेली. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: हार्टला त्रास होईल.

एका काट्यातून साधारण 50 ते 140 मायक्रोग्रॅम विष अंगात जातं. सुकवलेल्या विषाचा जवळपास निम्मा भाग मेलिटिनचा. 26 अमिनो आम्लांची ही लहानशी साखळी पेशीच्या आवरणाला भोकं पाडते. फॉस्फोलायपेज ए-टू नावाचं विकर त्या आवरणातली स्निग्ध द्रव्यं तोडतं आणि हायलुरोनिडेज पेशींमधला चिकट भाग सैल करून विषाला वाट करून देतं. हा अभ्यास मुख्यतः युरोपियन मेलिफेरा माशीवर झालाय. पण आमच्या सातेरीचं मेलिटिन तेच आहे आणि आग्या मधमाशीचं किंचित वेगळं.

विषाची गाठ पडते ती मास्ट पेशींशी. त्वचेत, श्वासनलिकेत, रक्तवाहिन्यांच्या कडेने त्या बसलेल्या असतात आणि त्यांच्या पोटात हिस्टामिनने भरलेले दाणे असतात. विषातले काही घटक हे दाणे थेट फोडतात. म्हणून आयुष्यातल्या पहिल्या डंखालाही आग, लाली, सूज येतेच. ती ॲलर्जी नव्हे. ॲलर्जी मागाहून, गुपचूप तयार होते. काही माणसांच्या बी पेशी विषातल्या प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतात, ती मास्ट पेशींवर जाऊन चिकटतात आणि तिथेच वाट पाहतात. पुढच्या डंखाला अंगभरच्या मास्ट पेशी एकदम रित्या होतात. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतलं पाणी बाहेर झिरपतं, रक्तदाब कोसळतो, श्वासनळ्या आवळतात. “मागं चावलीवती, काय झालं न्हवतं,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! पण त्या ‘मागं’च आयजीईची तयारी झालेली असू शकते. स्पेनमध्ये एक बाई दोन वर्षं उपचार म्हणून जिवंत माश्यांचे डंख घेत होती, काही बिघडलं नव्हतं. मग एका डंखाने ती कोसळली आणि पुढे दगावली. 2018 साली हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात आलं. सांधेदुखीवर माशी लावून घ्यायला निघालेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता ॲव्हिल काय करतं? ते हिस्टामिनला अडवतं, म्हणजे खाज आणि गांधी कमी होतात. पण मास्ट पेशी एकटं हिस्टामिन सोडत नाही. ल्युकोट्रिन, प्रोस्टाग्लँडिन अशी बाकीची फौज ॲव्हिलला जुमानत नाही. डेक्सोनाला काम सुरू करायला तास लागतात. ॲड्रेनॅलिन मात्र काही मिनिटांत सैल रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनळ्या मोकळ्या करतं, हृदयाला जोर देतं आणि वर मास्ट पेशींचं फुटणंही आवरतं. हे काही नवं औषधही नाही. जोकिची ताकामिने यांनी ते शुद्ध रूपात काढल्याचं 1901 साली जाहीर केलं. पोर्तिए आणि रिशे यांनी या जीवघेण्या रिॲक्शनला ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिलं त्याच्या पुढच्याच वर्षी. आजार आणि औषध बरोबरीचे, तरी आमच्या ट्रेमध्ये औषध मागे राहतं.

मास्ट पेशींची बाजूही मांडायला हवी. 2013 साली स्टॅनफर्ड आणि येल इथल्या दोन गटांनी उंदरांवर दाखवलं, की आधी थोडं विष देऊन आयजीई तयार झालेले उंदीर नंतरच्या मोठ्या मात्रेतून जास्त वाचतात. म्हणजे ही यंत्रणा मुळात बचावाचीच, काहींच्या अंगात ती हाताबाहेर जाते. उलट माझे दीर पेट्या उघडताना हातमोजे घालत नाहीत आणि त्यांचे हात सुजत नाहीत. वरचेवर डंख खाणाऱ्या पाळकांच्या रक्तात आयजीजी-4 ही शांत प्रतिपिंडं वाढतात आणि काही टी पेशी दाह आवरणारं रसायन सोडू लागतात. पण वर्षाला मोजकेच डंख खाणाऱ्या पाळकांत गंभीर रिॲक्शन जास्त आढळल्या आहेत, शेकडो खाणाऱ्यांत कमी. तेव्हा दिरांच्या हातांवरून घरातल्या सुनेचा अंदाज बांधू नये.

आग्याचं गणित आणखी निराळं. तो एकटा येत नाही. काटा मारताना सुटणारा वास बाकीच्यांना बोलावतो, म्हणून हात झटकत उभं राहण्यात शहाणपण नाही, पळायचं आणि बंद जागेत शिरायचं. काटा नखाने काढा की खरवडून, फरक पडत नाही. लवकर काढण्याने पडतो, कारण तुटलेली पिशवी विष ढकलतच राहते. शेकडो डंख बसले तर ॲलर्जी नसलेल्याच्याही तांबड्या पेशी आणि स्नायू फुटतात, त्यांचा गाळ मूत्रपिंडात अडकतो, लघवी काळपट होते. हे काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी दिसतं. अशा माणसाला ‘आता बरं आहे’ म्हणून घरी सोडू नये, कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात पाठवावं. अशा वेळी ॲड्रेनॅलिन पुरत नाही, रक्ताच्या तपासण्या आणि वेळ पडली तर डायलिसिस लागतं.

डंखाची ॲलर्जी मात्र सीपीआरपर्यंत थांबत नाही. ब्रिटनमधल्या ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. डंखाने गेलेल्यांत हृदय किंवा श्वास थांबेपर्यंतचा मध्यक काळ 15 मिनिटं होता. दाजीपूरहून राधानगरी पंचवीस-तीस किलोमीटर, तिथून कोल्हापूर आणखी पन्नासच्या पुढे. 108 रुग्णवाहिका कितीही पळाली तरी पंधरा मिनिटांत काय होणार? धनगरवाड्यावर तर ती पोचायलाच रस्ता हवा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. लसीकरणाच्या सत्राला आरोग्य सेविकेकडे ॲनाफिलॅक्सिसची पेटी असते. तीत ॲड्रेनॅलिन, सिरिंज आणि वयानुसार मात्रेचा तक्ता असतो. एक मात्रा मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्यायला आम्हाला शिकवलंय, पण शिकवलंय ते लसीपुरतं. बाळाच्या अंगात लसीने होणारी रिॲक्शन आणि गुराख्याच्या अंगात माशीने होणारी रिॲक्शन, मास्ट पेशीला यात फरक नाही. मग आदेशात कशाला ठेवायचा? तीच पेटी डंखासाठी वापरायची लेखी मुभा द्या. जंगलालगतच्या प्रत्येक उपकेंद्रात ती सत्राच्या दिवशीच नव्हे, रोज असू द्या. राधानगरी अभयारण्याच्या प्रवेशद्वारावर, आणि मेअखेरीस काजवे बघायला गर्दी लोटते तेव्हा तिथेही, ती वापरता येणारा एक माणूस ठेवा. शेजारच्या भुदरगडात पाटगाव मधाचं गाव झालं, आपल्याकडेही मधपेट्या वाढतायत. मधपेटीसोबत जाळीची टोपी आणि धुराडं मिळतं, त्याच प्रशिक्षणात या रिॲक्शनचा एक तास असावा. मोहळं जाळणं हा उपाय नव्हे. अर्धवट जळालेलं मोहळ वाटसरूंवर तुटून पडतं, आणि हिरडा-जांभळाचं परागीभवन कोण करणार?

हार्टच्या भीतीबद्दलही बोलायला हवं. ॲड्रेनॅलिन शिरेतून घाईत दिलं तर धोका असतो, हे खरं. स्नायूत योग्य मात्रेत दिलं तर छाती धडधडते, हात थरथरतात, थोड्या वेळात निवळतं. मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर, गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा, माणूस आडवा, पाय वर. ॲनाफिलॅक्सिसमध्ये हृदयविकाराच्या रोग्यालाही ते नाकारू नये, असंच जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. न देण्याने काय होतं ते मी पाहिलंय.

पावसाळा सरला की आग्या पुन्हा उंच झाडांवर आणि कड्यांवर उतरतो. त्याआधीच्या तालुक्याच्या मासिक बैठकीत हा विषय घ्यावा आणि उपकेंद्रांतल्या अँप्युलवरच्या तारखाही तेव्हाच तपासाव्यात. मुदत संपलेल्या अँप्युल निघतातच.